घराभोवतीचे पक्षी पाहायला घेतलेल्या वस्तू: कामाच्या किती, शोभेच्या किती

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगते. दुर्बीण घ्या, आणि एकदाच चांगली घ्या. पाण्याचं भांडं ठेवा, पण त्यासाठी दुकानात जायची गरज नाही. घरट्याची पेटी घेणार असाल तर मोजपट्टी जवळ ठेवा. दाण्यांचा फीडर नाही घेतलात तरी काही बिघडत नाही. ट्रेल कॅमेरा, म्हणजे समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा, हौस म्हणून ठीक. बाकीचं खाली तपशिलात.

आमचं घर गावाच्या कडेला आहे. पुढे ओसरी, मागे विहीर, तिच्यापलीकडे शेतं. पक्ष्यांची वर्दळ आधीपासूनच होती. वळचणीला चिमण्या, कुंपणाच्या झुडपांत बुलबुल, विजेच्या तारेवर कोतवाल आणि दयाळ. मामंजींचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून त्यांचा दिवस ओसरीवरच्या खुर्चीत जातो, आणि ह्या सगळ्या खरेदीचं मूळ तेच. वस्तू मी आणल्या, पण त्या वापरणारे आणि त्यांच्यातल्या खोडी काढणारे मुख्यतः ते. त्यामुळे हा अभिप्राय दोघांचा मिळून आहे असं समजा.

पेटीपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त बोलण्यासारखं तिच्याबद्दलच आहे.

ऑनलाइन फोटो पाहून कोणीही भुलेल अशी ती होती. उतरतं लाल छप्पर, पांढऱ्या भिंती, बाहेरून रंगवलेली वेल, आणि गोल दाराखाली बोटभर लांबीची खुंटी. खोक्यावर छापलं होतं की हिच्यात चिमणी, बुलबुल, सूर्यपक्षी, सुगरण सगळे येतील. चिमणी सोडली तर बाकीच्यांची घरटी हे छापणाऱ्याने कधी पाहिलेली नसावीत. बुलबुल झुडपात उघडी वाटी करतो. सूर्यपक्ष्याचं घरटं हवेत टांगलेलं असतं. सुगरण तर स्वतःच विणकर. छप्पर कितीही लाल केलं तरी हे तिघे पेटीत राहायला जाणार नाहीत. पेटी चालते ती ढोलीत नाहीतर भिंतीच्या भोकात घरटं करणाऱ्यांना. चिमणी, साळुंकी, दयाळ, पिंगळा ही त्यातली आपल्या रोजच्या ओळखीची मंडळी.

मामंजींनी पेटी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "सूनबाई, ही खुंटी कशाला?"

"पक्ष्याला आत जाण्याआधी बसायला असेल, मामंजी."

"भिंतीच्या भोकात शिरणारी चिमणी कुठे खुंटी शोधते? ती कडेला लटकते आणि आत जाते. ही कावळ्याची सोय आहे. इथे ऐसपैस बसायचं आणि चोच आत घालायची."

त्यांनी हे कुठे वाचलेलं नव्हतं, पण पेट्यांबद्दल माहिती देणाऱ्या पक्षीसंस्थाही हेच सांगतात की दारापुढे खुंटी नको. मी विक्रेत्याला तसं कळवलं. उत्तर तासाभरात आलं, त्याबद्दल त्यांना गुण द्यायलाच हवेत. उत्तर असं होतं: "मॅडम, तो डिझाइनचा भाग आहे." मग करवत घेतली, खुंटी मुळापासून कापली आणि उरलेलं भोक लाकडाची पुट्टी भरून बुजवलं.

पुढचा मुद्दा दाराचा. घरचिमणीला ३२ मिलिमीटर व्यासाचं भोक पुरतं. आमच्या पेटीचं मोजलं तर पाच सेंटिमीटरच्या आसपास. एवढ्या दारातून साळुंकी आरामात आत जाते, आणि साळुंकीने जागा बघितली की चिमणीचं तिथे काही चालत नाही. साळुंकीबद्दल माझ्या मनात काही नाही, पण पेटी चिमणीची म्हणून विकली होती. सुताराकडून जाड फळीचा एक तुकडा आणला, त्याला ३२ मिलिमीटरचं भोक पाडून घेतलं आणि मूळ दारावर स्क्रूने बसवला. ह्या फळीचा दुसराही फायदा होतो. दाराचा रस्ता लांब झाल्याने मांजराचा पंजा किंवा कावळ्याची चोच आत कमी पोहोचते.

खोलीही मोजा. दाराच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत निदान साडेबारा सेंटिमीटर अंतर हवं. कमी असेल तर पिल्लं वेळेआधी दारात येऊन पडतात, किंवा बाहेरून कोणीतरी त्यांना ओढून काढतं. आमच्या पेटीत हे अंतर जेमतेम होतं, काठावर पास. तळाला पाणी निचरायला भोकं नव्हती, छपराखाली हवा खेळायला फट नव्हती. दोन्ही ड्रिलने पाडली. भिंती पातळ प्लायवूडच्या. पातळ भिंत उन्हात लगेच तापते आणि आतली पिल्लं शिजतात. दीड सेंटिमीटर जाडीची साधी फळी असेल तर ऊनही कमी लागतं, थंडीही. म्हणून पत्र्याच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या पेट्या कितीही स्वस्त मिळाल्या तरी त्यांच्याकडे वळून पाहू नका.

आणि आतून पॉलिश! आत कोण बघायला जाणार होतं, कोण जाणे. पंख फुटलेल्या पिल्लाला दारापर्यंत चढायचं तर नखं रोवायला खरखरीत लाकूड हवं. दाराच्या आतल्या बाजूला पटाशीने आडव्या खाचा मारल्या तेव्हा पॉलिशच्या खपल्या निघाल्या. त्या वेचून पुन्हा आतून पुसून घेतलं.

चांगलं काय, तर छप्पर बिजागरीचं आहे. उघडून साफ करता येतं. पुष्कळ पेट्यांना ही साधी सोय नसते आणि मग जुनं घरटं, त्यातले पिसवा-गोचिडांसारखे कीटक वर्षानुवर्षं आतच राहतात. एका ताऱ्याऐवजी मी दोन दिले ते ह्या बिजागरीमुळे.

पेटी ही काही नव्या जमान्याची कल्पना नाही. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या चार्ल्स वॉटरटन ह्या जमीनदाराने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या आवारात शिकारबंदी करून पक्ष्यांना मुद्दाम घरट्याच्या जागा करून दिल्या होत्या. म्हणजे चांगली पेटी कशी असावी हे शोधायला माणसाला भरपूर अवधी मिळाला आहे. तरीही बाजारात जास्त दिसते ती खुंटीवालीच, कारण ती निवडणाऱ्याला खुंटी गोड दिसते. पक्षी काही अभिप्राय लिहायला येत नाही.

एवढी डागडुजी करताना सुतार शेजारी उभा होता. तो म्हणाला, "वहिनी, ह्यापेक्षा मी नवीन करून दिली असती." मग त्याच्याकडून जुन्या दाराच्या फळीची एक करवून घेतली. रंग नाही, पॉलिश नाही, दिसायला अगदी खोकं. दोन्ही पेट्या वळचणीखाली तीनेक मीटर उंचीवर टांगल्या, दुपारचं ऊन आणि पावसाची झड थेट दारावर येणार नाही अशा बाजूला. चिमण्या एकमेकींच्या आसपास घरटी करतात, त्यामुळे दोन पेट्या शेजारी असल्या तरी चालतं. सुताराच्या पेटीत चिमण्यांनी संसार मांडला. लाल छपराच्या पेटीत गांधीलमाश्यांनी. असं होतं, त्याचा राग धरू नये. गांधीलमाश्या गेल्यावर ती साफ करून परत लावली आहे.

चिमण्यांची जोडी बघायला मजा आली ती अशी. आधी नर येतो. काळी दाढीवाला. पेटीच्या दारात बसून सकाळभर चिवचिवतो, जागा माझी आहे हे साऱ्या जगाला कळवतो. मादी आली की आत-बाहेर, आत-बाहेर. मग गवताच्या काड्या, सुतळीचे तुकडे, कोंबडीची पिसं. कोंबडीचं एक पीस दारापेक्षा रुंद होतं. ते मादीने आडवं धरून ओढून पाहिलं, जमेना. खाली टाकलं. पुन्हा उचललं ते देठाकडून, आणि पीस आपोआप मिटून आत गेलं. मामंजींनी टाळी वाजवली आणि ती बिचारी उडून गेली.

अंडी साधारण ११ ते १४ दिवस उबवली जातात आणि त्यानंतर पिल्लं दोन आठवड्यांच्या आसपास घरट्यात राहतात. दाणे टिपणारी म्हणून आपण चिमणीला ओळखतो, पण पिल्लांना सुरुवातीला भरवतात ते किडे आणि अळ्या. आईबाप चोचीत हिरवी अळी धरून येतात, आत जातात, आणि बाहेर निघताना चोचीत एक पांढरी पुरचुंडी असते. ती म्हणजे पिल्लाची विष्ठा, पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली. घरटं स्वच्छ राहावं म्हणून लांब नेऊन टाकतात. हे दृश्य मी जन्मभर वळचणीखाली राहूनही पहिल्यांदा पाहिलं ते दुर्बिणीतून, म्हणून आता दुर्बिणीकडे वळते.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. आमची ८×४२ आहे. आठ म्हणजे पक्षी आठपट जवळ दिसतो, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानात माणूस पहिला आकडा मोठा असलेली दुर्बीण उचलतो, कारण मोठा आकडा म्हणजे जास्त काहीतरी असं वाटतं. पण जितकी पट जास्त तितकी हाताची थरथरही जास्त. दहापट दुर्बिणीतून मामंजींना तारेवरचा दयाळ नाचतानाच दिसत होता. आठपटीत तो बसला. वर कोपर खुर्चीच्या हातावर टेकवले की चित्र जवळजवळ स्थिर. पट वाढली की एका वेळी दिसणारा परिसरही आकसतो, आणि झुडपात इकडून तिकडे पळणारा शिंपी पक्षी सापडायच्या आत निघून गेलेला असतो.

बेचाळीसला आठने भागलं की सव्वापाच येतात. तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा ठिपका डोळ्यात येतो. भर दुपारी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, तेव्हा छोटी दुर्बीणही चालते. पण पक्षी जास्त हालचाल करतात ती पहाटे आणि सांजवेळी, आणि तेव्हा हा ठिपका मोठा असण्याचा खरा उपयोग होतो. १०×२५ ची खिशात मावणारी दुर्बीण दिवेलागणीला अंधारी वाटते ती ह्यामुळेच, तिचा ठिपका अडीच मिलिमीटरचा. बाजारात ६०×६० असले आकडे छापलेल्या दुर्बिणीही दिसतात. त्या आकड्यांवर जाऊ नका. झूम होणाऱ्या दुर्बिणीसुद्धा नकोतच. पट वाढवली की चित्र मंद होतं आणि हात लागला की पक्षी हरवतो.

चष्मा असेल तर आय रिलीफ पाहा. डोळा भिंगापासून किती दूर ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते हे अंतर. चष्मेवाल्यांना ते पंधरा मिलिमीटरच्या वर हवं, आणि डोळ्यांकडचे रबरी कप खाली फिरवता यायला हवेत. मला आणि मामंजींना दोघांनाही चष्मा आहे, त्यामुळे दुकानात मी आधी हेच तपासलं. त्या दुकानदाराने तीन दुर्बिणी काढून दिल्या, बाहेर रस्त्यावर नेऊन समोरच्या छपरावरचा होला बघू दिला आणि घाई केली नाही. दुकान छोटं, धूळही बरीच, पण अशा दुकानातून घेतलेली वस्तू पदरात पडल्यावर पश्चात्ताप होत नाही. ऑनलाइन घेणाऱ्यांना डोळ्याला लावून पाहायचा हा लाभ नाही, तेवढं एक लक्षात ठेवा.

आता तो आकडा, ज्याबद्दल कोणी विचारत नाही. किती जवळचं स्पष्ट दिसतं? काही दुर्बिणींना समोरची वस्तू निदान चार-पाच मीटर लांब लागते. आमची दोन मीटरवरचंही दाखवते. रानात हिंडणाऱ्याला ह्याने फारसा फरक पडणार नाही. घराभोवतीचे पक्षी बघणाऱ्याला पडतो, कारण सूर्यपक्ष्याने घरटं बांधायला घेतलं ते ओसरीच्या तुळईपासून लोंबणाऱ्या जुन्या वायरच्या टोकाला. जांभळा शिंजीर. नर उन्हात निळा-जांभळा चमकणारा, मादी वरून मातकट, खालून फिकट पिवळी. बांधकाम सगळं मादीचं. नर शेजारच्या तारेवर बसून गातो, अधूनमधून सोबत येतो, आणि हातभार म्हणाल तर तेवढाच.

खुर्चीतून ते घरटं तीन मीटरवर. दुर्बिणीतून मादी काय करते ते नखापर्यंत दिसलं. चोचीच्या टोकाला कोळ्याच्या जाळ्याचा धागा गोळा करून आणायची. तो वायरला टेकवायची, चोच बाजूला खेचायची, धागा लांबायचा, मग पलीकडच्या कडेला चिकटवायची. त्यात सालीचे कपटे, सुकलेल्या पानांचे तुकडे, कसलीशी अळीची विष्ठा. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, वायरला कचरा अडकलाय. आणि तसंच वाटावं अशी रचना असते. पुढे पोकळी झाल्यावर ती आत बसायची आणि छातीने भिंत बाहेर ढकलून फुगवायची. दाराच्या वर एक छोटी पडवी काढली, पाणी आत येऊ नये म्हणून. अंड्यांवर बसल्यावर त्या दारातून नुसती बाकदार चोच बाहेर दिसायची. मामंजी त्या काळात आवाज न करता खोकायला शिकले.

एक उपयोगाची गोष्ट. दुर्बीण आणल्यावर ती आपल्या डोळ्यांना जुळवून घ्यावी लागते. उजवं भिंग हाताने झाकायचं, मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला नीट दिसेपर्यंत आणायचं. मग डावं झाकून उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवायची, चाकाला हात लावायचा नाही. कडी कुठे आली त्यावर पेनाने खूण करून ठेवा. आमच्याकडे दोघांच्या खुणा वेगळ्या रंगांत आहेत. घरात दुसरं कोणी दुर्बीण उचलून फिरवून गेलं की लगेच कळतं.

वजन मात्र जाणवतं, पाऊण किलोच्या आत-बाहेर. सोबत आलेला पट्टा मानेला काचतो. खांद्यांवरून जाणारा हार्नेस वेगळा घ्यावा लागला, तो दुर्बिणीसोबतच द्यायला काय हरकत होती?

विहिरीवर झुकलेल्या बाभळीत सुगरणींची वसाहत आहे. ती बघायला दुर्बिणीशिवाय पर्याय नाही, काट्यात आणि पाण्यावर कोण जाणार. खोपा विणतो तो नर. अर्धा झाला, मधली गोल कडी आणि वरचा घुमट दिसायला लागला की थांबतो, पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरून पाहते, आवडलं तर राहते, नाही तर निघून जाते. मादी राहिली की नर खोपा पुरा करून देतो, खाली लांब बोगदा काढतो आणि लगेच शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे कोडं उलगडलं ते सलीम अली ह्यांनी. १९३० मध्ये हाताला नोकरी नसताना ते पत्नीसह अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले आणि तिथे जवळच्या सुगरणींवर नजर ठेवून बसले. गावातलं घर, जवळचं झाड आणि बसायची चिकाटी एवढ्यावर पक्षीशास्त्रातली मोठी गोष्ट हाती लागली. मामंजींना हे सांगितलं तर म्हणाले, "मग माझ्या बसण्याला नावं ठेवत जाऊ नका."

ट्रेल कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात, कारण त्याने माझी निराशाच जास्त केली. झाडाला बांधायचा, समोर काही हललं की आपोआप फोटो. आतला सेन्सर उष्णता बघतो. प्राण्याचं अंग आणि मागचा परिसर ह्यांच्या तापमानातला फरक हलला तर तो जागा होतो. रात्री आणि थंड सकाळी उत्तम चालतो. भर उन्हाळ्याच्या दुपारी हवाच अंगाइतकी तापलेली असते तेव्हा समोरून साळुंक्यांचा थवा गेला तरी ह्याला पत्ता नाही; उलट उन्हात तापलेली फांदी वाऱ्याने हलली की फोटोंवर फोटो. कार्ड भरतं ते फांदीने. दुसरी अडचण अशी की ह्या कॅमेऱ्यांचा फोकस ठरलेला असतो, दीड-दोन मीटरच्या पुढचंच स्पष्ट येतं. हरणाएवढ्या प्राण्यासाठी बनवलेली वस्तू आहे ही. चिमणीएवढा पक्षी स्पष्ट यावा म्हणून दूर ठेवला तर ठिपका दिसतो, जवळ ठेवला तर धूसर. रात्रीसाठी घेणार असाल तर ९४० नॅनोमीटरचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे, दिवे असलेला घ्या, ८५० वाल्यांचा लालसर उजेड डोळ्यांना दिसतो.

रात्रीचे फोटो मात्र छान आले. पाण्याच्या थाळीवर पिंगळा. त्याच थाळीवर मुंगूस. आणि शेजारच्यांचं मांजर, तिथेच दबा धरून, ज्यामुळे थाळीची जागा बदलावी लागली. कॅमेरा घरट्यासमोर लावू नका. त्याची बॅटरी, कार्ड बदलायला आपण सारखे तिथे जातो आणि कावळा आपल्यावर नजर ठेवून असतो.

थाळी म्हणजे कुंडीखाली ठेवायची मातीची पसरट थाळी, घरातच पडलेली. बाजारात पक्ष्यांसाठी म्हणून सिमेंटची नक्षीदार कमळं मिळतात, खोल आणि गुळगुळीत. त्यात लहान पक्षी उतरू शकत नाही आणि उतरलाच तर त्याला बाहेर निघायला कठीण. पाणी अडीच ते पाच सेंटिमीटरच्या वर नको, तळ खरखरीत हवा, मध्ये एखादा दगड. पाणी रोज बदला, थाळी घासा. डासाच्या अंड्याचा डास व्हायला उबदार हवेत आठवडाभर पुरतो, शिळं पाणी ठेवलंत तर पक्ष्यांआधी तेच येतील. झुडपापासून दोन-तीन मीटर लांब ठेवा, म्हणजे मांजर येताना दिसेल आणि उडायला वेळ मिळेल.

पाणी पिण्याच्या पद्धतीवरूनही पक्षी ओळखता येतात. बुलबुल, साळुंकी, चिमणी चोच बुडवतात, मान वर करतात, घोट गळ्याखाली जाऊ देतात. होला तसं करत नाही. तो चोच पाण्यात ठेवतो आणि मान न उचलता ओढून पितो. कबुतरांच्या सगळ्या घराण्याची ही खोड. दुपारी चारच्या सुमारास बुलबुल आंघोळीला येतात आणि थाळी निम्मी रिकामी करून जातात. ह्या सगळ्या वस्तूंत पाच तारे कोणाला, तर ह्या थाळीला.

फीडरचं सांगण्यासारखं एवढंच: प्लॅस्टिकची नळी, पावसात आत ओल गेली की दाण्यांना बुरशी, आणि बुरशीचे दाणे पक्ष्यांना आजारी पाडतात. दर काही दिवसांनी सगळं खोलून धुवायची तयारी नसेल तर घेऊ नये. आमच्याकडे त्यावर कबुतरं आली, खाली सांडलेल्या दाण्यांवर उंदीर. किडे खाणारा दयाळ आणि फुलांतला रस पिणारा शिंजीर फीडरकडे फिरकणारही नाहीत. त्यांच्यासाठी फुलझाडं लावणं आणि भाजीवर औषध न मारणं हेच. लावायचाच असेल तर काचेच्या खिडकीपासून एक मीटरच्या आत नाहीतर दहा मीटरच्या पलीकडे लावा. मधल्या अंतरात पक्षी वेगाने येऊन काचेवर आपटतात. काचेवर ससाण्याचं एकच स्टिकर लावून उपयोग नाही, ठिपके पाच-पाच सेंटिमीटरवर आणि सगळ्या काचेभर, तेही बाहेरच्या बाजूने हवेत.

काचेवरून आठवलं. दयाळाने न्हाणीघराच्या भिंतीत, जुन्या नळासाठी पाडलेल्या भोकात घरटं केलं होतं. मादी उबवायला बसलेली आणि नर दिवसभर आमच्या स्कूटरच्या आरशावर चोच आपटतोय. आरशातला पक्षी त्याला दुसरा नर वाटतो. विणीच्या हंगामात बुलबुल आणि शिंजीरही असं करतात. त्याची शक्ती वाया जाते, आरसा घाण होतो. जुन्या पायजम्याचा पाय कापून आरशावर चढवला, दुसऱ्या दिवसापासून स्वारी परत तारेवर गायला.

नोंदी ठेवायला ई-बर्ड वापरते. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेने २००२ मध्ये सुरू केलेली ही सेवा फुकट आहे. कुठे, किती वेळ, कोणते पक्षी किती, एवढं भरायचं. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' होतो, १९९८ पासून. त्यात निदान पंधरा मिनिटं एका जागी बसून दिसलेले पक्षी मोजायचे. खुर्चीतून उठावं न लागणाऱ्या माणसासाठी ह्याहून योग्य काम सापडणार नाही. मामंजी सांगतात, मी टाइप करते. "चिमण्या एकवीस लिही." "मामंजी, सतराच दिसतायत." "चार आत आहेत." ते लिहिता येत नाही म्हटलं की रुसतात.

पेट्या साफ कधी करायच्या हे खूप जण विचारतात. चिमण्या एका हंगामात एकापाठोपाठ दोन-तीन विणी काढतात, त्यामुळे पहिली पिल्लं उडाली म्हणून लगेच हात घालू नका. हंगाम पुरता संपला, काही आठवडे कोणीच येत-जात नाही अशी खात्री झाली की जुनं घरटं काढा, आत उकळतं पाणी ओता, उन्हात कोरडी करा. कीटकनाशकाचा फवारा नको. आणि पिल्लू खाली पडलेलं दिसलं, अंगावर पिसं नसतील, तर उचलून घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खरं नाही.

घरात मोकळं फिरणारं मांजर असेल तर पेटी आणि फीडर दोन्ही घेऊ नका. ते पैसे दुर्बिणीत घाला.